तिकडची गंगा

न्यूझीलंडमधल्या रोटोरुआला मी याआधी चार वेळा जाऊन आले होते. ऑकलंडमधल्या बहुतेक मराठी घरांचा हा ठरलेला कार्यक्रम असतो. देशातून पाहुणे उतरले, त्यांची झोप जागेवर आली, की गाडी काढायची, गिझर, म्हणजे जमिनीतून उडणारं गरम पाण्याचं कारंजं दाखवायचं, इथल्या मूळ रहिवाशांचा, माओरींचा नाच दाखवायचा आणि रात्री अकराला घरी. पाचव्यांदा आईला घेऊन गेले, तेव्हा लक्षात आलं की आधीच्या चार खेपांत मी पार्किंगच जास्त बघितलं होतं.

आई राजापूर तालुक्यातली. वय ७१, गुडघे कुरकुरणारे, जीभ ठणठणीत. बाबा आले नाहीत. मार्च महिना, आंब्याचे दिवस, बाग सोडून कोण येतंय! मुलांना नवऱ्यावर सोपवलं आणि आम्ही दोघीच निघालो. तीन दिवस, दोन मुक्काम, डब्यात घावणे आणि एका पिशवीत तिची औषधं.

ऑकलंडहून रोटोरुआ २३० किलोमीटर, तीनेक तासांचा रस्ता. शहर संपता संपता महामार्गावर ‘बॉम्बे’ अशी पाटी लागते. आईने चष्मा पुसून परत वाचली. १८६० च्या दशकात ‘बॉम्बे’ नावाच्या जहाजातून आलेले लोक इथे वसले, म्हणून गावाचं नाव बॉम्बे. “म्हणजे मुंबईच्या पुढे येऊनसुद्धा मुंबई सुटली नाही,” आई म्हणाली आणि टिराऊ येईपर्यंत झोपली. टिराऊला पन्हाळी पत्र्याची घराएवढी मेंढी आणि तसलाच कुत्रा उभा आहे. तिथे चहा झाला. मग मामाकूचा चढ, दाट झाडी, आणि उतार सुरू झाला की खाली तळं दिसतं.

ज्या उंचवट्यावरून आपण उतरतो तोच मुळात त्या तळ्याच्या पोटातून आलाय. सुमारे २ लाख ४० हजार वर्षांपूर्वी इथे एक प्रचंड स्फोट झाला. जमिनीखालचा शिलारस राख होऊन बाहेर पडला, पोकळ झालेली जमीन खचली आणि त्या खड्ड्यात पाणी साठलं. उडालेल्या तापत्या राखेचा थर घट्ट होऊन मामाकूचं पठार झालं. तळं ८० चौरस किलोमीटरचं, पण खोली सरासरी दहाएक मीटर. मी हे सगळं आईला मोठ्या उत्साहाने सांगत होते. ती खिडकीची काच खाली करून वास घेत होती.

या वासावर इथे येणारा प्रत्येक माणूस विनोद करतो. अंडी कुजली म्हणतात, गटार फुटलं म्हणतात. माझ्या मुलांनी तर गेल्या वेळी नाकाला चिमटे लावले होते. आईने दोनदा खोल श्वास घेतला.

“अगो, हा तर उन्हाळ्याचा वास!”

उन्हाळे म्हणजे राजापूरजवळचं आमचं गरम पाण्याचं कुंड. गंधकाचं पाणी. गंगा आली की आधी उन्हाळ्याला आंघोळ, मग गंगेच्या कुंडांवर आंघोळ आणि मग धूतपापेश्वराचं दर्शन, असा क्रम. राजापूरची गंगा बारमाही नसते. साधारण तीन वर्षांनी ती एके दिवशी अचानक येते, चौदा कुंडं भरतात, काही काळ राहते आणि तशीच न सांगता जाते. “गंगा आली” असा निरोप आला की अख्खा तालुका बादल्या-पंचे घेऊन निघतो. आई त्या मुलखातली. तिला जमिनीतून गरम पाणी येण्याचं आश्चर्य नव्हतं. ते कुणाचं आहे आणि त्याचे नियम काय, एवढंच तिला विचारायचं होतं.

पहिल्या मुक्कामाने मात्र आमची फजिती केली. मी हौसेने असं मोटेल घेतलं होतं जिथे खोलीलाच लागून खनिज पाण्याचा खासगी हौद असतो. रोटोरुआत अशी बरीच आहेत. हौदाच्या भिंतीवर पाटी होती, खिडकी उघडी ठेवा. खिडकी रंगाने चिकटून बसलेली. काउंटरवर सांगितलं तर “आज माणूस नाही, उद्या बघू.” मी म्हटलं चालतंय, दहा मिनिटं बसू. पाणी सुंदर होतं. पाचेक मिनिटांनी वास येईनासा झाला आणि मला वाटलं, चला, सवय झाली. आई म्हणाली, “डोकं जड होतंय, मी उठते.” उठताना तिचा तोल गेला. तिला धरून बाहेर आणलं, ओट्यावर बसवलं, सगळी दारं उघडली.

मी शिकलेली, रसायनशास्त्राची पदवीधर! हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, बंद जागेत खाली साचतो. तो वाढला की आधी नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला, असं नव्हे. या गावात त्याने माणसं मेलेली आहेत. हे सगळं माझ्या डोक्यात कुठेतरी होतं आणि तरी मी सवय झाली म्हणून खूश होते. तुम्ही गेलात तर खोलीतला हौद घ्या, पण आधी खिडकी हलवून बघा. त्यानंतर आईने मला दोन दिवस ऐकवलं, “आमच्या उन्हाळ्याला वर छप्पर असतं, भिंती कोंदट नसतात.”

सकाळी तिला बरं वाटत होतं. ओहिनेमुटूला गेलो. तळ्याकाठचं हे जुनं माओरी गाव रोटोरुआच्या मुख्य रस्त्यापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे, आणि माझ्या चार खेपांत मी एकदाही तिथे वळले नव्हते. घरांच्या मधून, गटाराच्या झाकणांतून, कुणाच्या परसातून वाफ निघत असते. एका कुंपणाच्या आत कपडे वाळत होते आणि त्यांच्या खालून धूर. तिथलं सेंट फेथ्स चर्च बाहेरून इंग्रजी ट्यूडर थाटाचं, आतून पूर्ण माओरी. कोरीव खांब, भिंतीवर विणकामाच्या पट्ट्या. एका बाजूच्या खिडकीच्या काचेवर येशूची आकृती कोरली आहे, अंगावर माओरी सरदाराचा झगा. बाकावर बसून बघितलं की काचेपलीकडचं तळं त्याच्या पायाखाली येतं आणि तो पाण्यावरून चालत येतोय असं दिसतं. आत फोटो काढायचा नाही. आईने चपला दाराशीच काढल्या. इथे तशी अट नाही असं सांगायला गेले, तर म्हणाली, “देवळात मला तू शिकवू नको.”

चर्चच्या बाजूला कबरी आहेत. सगळ्या जमिनीच्या वर, पांढऱ्या चुन्यासारख्या सिमेंटच्या पेट्या. खाली खणलं तर वाफ लागते, म्हणून इथे माणूस जमिनीत पुरता येत नाही. दोन पेट्यांच्या फटीतून वाफेची बारीक दोरी वर येत होती. आई हात जोडून उभी राहिली, बराच वेळ. मग म्हणाली, “ह्यांचे लोक गेले तरी ह्यांना ऊब आहे.”

तळ्यात मधोमध मोकोइआ बेट दिसतं. त्याची गोष्ट रोटोरुआतल्या प्रत्येक गाइडला सांगावीच लागते. काठावरच्या सरदाराची मुलगी हिनेमोआ आणि बेटावरचा तुतानेकाई. लग्नाला घरचा विरोध. रात्री तो बेटावर बासरी वाजवायचा, तिला ती काठावर ऐकू यायची. ती जाईल म्हणून घरच्यांनी होड्या काठावर ओढून ठेवल्या. मग तिने सुकवलेले भोपळे दोन्ही काखांत बांधले आणि अंधारात बासरीच्या आवाजाच्या रोखाने तीनेक किलोमीटर पोहत गेली. बेटावर पोचल्यावर गारठलेली हिनेमोआ गरम पाण्याच्या कुंडात बसली, आणि तिथेच तो तिला भेटला. आईला गोष्टीतल्या प्रेमात फारसा रस वाटला नाही, भोपळ्यात वाटला. “आम्हाला विहिरीत पोहायला शिकवलं ते कमरेला भोपळा बांधूनच. तिच्या आईबापाला होड्या सुचल्या, भोपळे सुचले नाहीत.”

तिथून गव्हर्न्मेंट गार्डन्स. हिरवळीपलीकडे लाल कौलांची, लाकडी पट्ट्यांची ती प्रसिद्ध बाथहाऊसची इमारत, १९०८ साली सुरू झालेली. दक्षिण गोलार्धात युरोपसारखं आरोग्यस्थान उभारायचं असा सरकारचा तेव्हाचा मनसुबा होता. संधिवात, त्वचारोग, नसांचे विकार घेऊन लोक जहाजाने यायचे. ज्या वाफेसाठी इमारत बांधली त्याच वाफेने तिचे नळ आणि गिलावा खाल्ला. पुढे तिथे संग्रहालय झालं. २०१६ च्या नोव्हेंबरात कैकौरा भूकंपानंतर तपासणी झाली आणि ते बंद करावं लागलं. आम्ही बाहेरूनच बघितली. रेडवूडच्या जंगलातही अर्धा तास हिंडलो. १९०१ साली लावलेली ही मूळची कॅलिफोर्नियाची झाडं आता सत्तरेक मीटरच्या घरात आहेत. झाडाझाडांतून टांगलेल्या पुलांवर आई चढणार नव्हती. “माड बघितलेत मी,” एवढीच तिची दाद.

दुपार फाकारेवारेवा गावात गेली, आणि तिथे आईला तिचं माणूस भेटलं. हे गाव म्हणजे देखावा नाही, लोक तिथे राहतात, आणि गावातलीच माणसं आपल्याला फिरवतात. आमची गाइड आईच्याच वयाची बाई. तिने आईशी होंगी केली, म्हणजे नाक आणि कपाळ टेकवून श्वास घ्यायचा. आई आधी बावरली. मग तिने मान पुढे केली, आणि दोघी एक क्षण तशाच राहिल्या. नंतर मला भाषांतराचं काम फारसं उरलं नाही.

गाइडने एक कुंड दाखवलं, निळंशार, उकळतं. सुती पिशवीत बांधलेली मक्याची कणसं त्यात दोरीने सोडलेली. काही मिनिटांत बाहेर काढून लोणी लावून हातात दिली. पुढे त्याच गरम पाण्याचे चर काढून उघड्यावरच्या सिमेंटच्या न्हाण्यांत पाणी नेलंय. दिवसा ते तिथे निवत ठेवतात आणि पर्यटक गेले की संध्याकाळी गावकरी आंघोळीला येतात. स्वयंपाकाचं कुंड वेगळं, आंघोळीचं वेगळं, आणि काही कुंडांना हातसुद्धा लावायचा नाही, ती टापू. मी टापू शब्द समजावायला लागले. आई म्हणाली, “कळलं. सोवळ्यातली.”

१८८६ च्या तारावेरा ज्वालामुखीच्या उद्रेकात घरं गमावलेले बरेच लोक या गावात येऊन राहिले. त्यांच्यात सोफिया हिनेरांगी होती. तिच्याबद्दल पुढे सांगते. इथलीच मॅगी पापाकुरा. १९०१ साली इंग्लंडच्या युवराजाला तिने हे गाव दाखवलं आणि पुढे ऑक्सफर्डला जाऊन स्वतःच्या लोकांविषयी मानववंशशास्त्राचा अभ्यास केला. परक्यांना आपलं घर दाखवण्याचं काम इथल्या बायका दीडशे वर्षं करत आल्या आहेत, आणि ते अंगात मुरलंय हे आमच्या गाइडकडे बघून कळत होतं. काय दाखवायचं आणि कुठे “इथून पुढे नको” म्हणायचं, हे ती आवाज न चढवता ठरवत होती.

गावाच्या कठड्यावरून समोर पोहुटू गिझर दिसतो. तो उडण्याआधी शेजारचा छोटा गिझर थुईथुई करायला लागतो. ती सूचना. मग पोहुटू उडतो, कधी तीस मीटरपर्यंत. आईच्या तोंडून पटकन निघालं, “गंगा आली!”

गाइडने विचारलं, काय म्हणाल्या? मी सांगितलं. मग तिने आम्हाला एक गोष्ट सांगितली जी मला ठाऊक नव्हती. सत्तर-ऐंशीच्या दशकात गावातल्या घरांनी, मोटेलांनी मनमानी बोअर मारून गरम पाणी उपसलं. गिझर मंदावायला लागले, काही बंदच पडले. शेवटी १९८६-८७ मध्ये सरकारने पोहुटूपासून दीड किलोमीटरच्या परिसरातल्या बोअर सक्तीने बुजवल्या. लोक चिडले, कोर्टकचेऱ्या झाल्या. पण पाणी परत चढलं, आणि झोपलेले काही झरे जागे झाले. हे मी आईला मराठीत सांगितलं तेव्हा ती पुढचा गिझर उडेपर्यंत गप्प होती. आमच्या वाडीत बोअरवेल आल्या त्या वर्षापासून आमची विहीर एप्रिलात तळ दाखवते.

संध्याकाळी तळ्याकाठच्या पॉलिनेशियन स्पामध्ये. आई पोहण्याचे कपडे घालणार नाही हे ठरलेलं, म्हणून मी तिच्यासाठी पूर्ण बाह्यांचा, पायघोळ पोहायचा पोशाख आणून ठेवला होता आणि दोघींपुरता खासगी हौद घेतला. उघड्यावरचा, समोर तळं, वर आभाळ. इथलं एक पाणी आम्लधर्मी, त्याला प्रीस्ट झरा म्हणतात. १८७८ मध्ये संधिवाताने जखडलेला फादर महोनी नावाचा एक पाद्री तौरंगाहून आला, या पाण्यात रोज बसला आणि चालत परत गेला, असं सांगतात. दुसरं रेचल झऱ्याचं, अल्कधर्मी, हाताला साबणासारखं बुळबुळीत लागतं. डोकं पाण्याखाली घालू नका अशी पाटी सगळीकडे असते. ती मनावर घ्या. गरम झऱ्यांच्या पाण्यातला एक अमीबा नाकातून मेंदूत जाऊ शकतो. आईला याचाच राग आला. डोक्यावरून पाणी नाही तर ती आंघोळ कसली?

चांदी काढून ठेवा असंही लिहिलेलं होतं. आईच्या पायांतली जोडवी लग्नापासूनची, बोटात रुतलेली, आणि निघत असती तरी तिने काढली नसती. वीस मिनिटांनी पाय वर घेतला तर जोडवी निळसर काळी. बाहेर येऊन टॉवेलने घासली, आणखी काळी दिसायला लागली. गंधक आणि चांदीचा हा संसार मला शाळेपासून माहीत आहे, पण आईच्या पायात बघताना पोटात काहीतरी झालं. तिला काही वाटलं नाही. “उन्हाळ्यातही थोडी होतात. चिंचेने निघतील.” गुडघ्यांना काय झालं ते विचारू नका. रात्री तिला झोप लागली, एवढं खरं.

दुसऱ्या रात्रीसाठी मी मोटेल बदललं आणि एका हॉलिडे पार्कात साधी खोली घेतली, कारण तिथे पाहुण्यांसाठी वाफेची पेटी होती. त्या दिवशी आईची एकादशी. माओरी लोकांचं मुख्य पीक कुमारा, म्हणजे रताळं. बोटींतून समुद्र ओलांडून आणलेलं, जपून वाढवलेलं. हांगीत, म्हणजे जमिनीत खणलेल्या भट्टीत, ते मांसाबरोबर भाजलं जातं, म्हणून आईला ते चालणार नव्हतं. आम्ही दुकानातून लाल सालीची सहा रताळी आणली.

पेटी म्हणजे जमिनीत बसवलेली सिमेंटची चौकट, आत जाळी, वर जड लाकडी झाकण, आणि खालून अखंड वाफ. झाकण उघडताना वाऱ्याच्या बाजूला उभं राहायचं आणि ते आपल्यापासून लांब उचलायचं, नाहीतर हात भाजतो. स्टीलचा डबा चालतो. तांबं-पितळ नेऊ नये, काळं पडतं. आईने रताळी धुतली, शेंडे काढले, डब्यात उभी रचली आणि झाकणाखाली ओलं फडकं लावलं. मग अडचण आली. चूल किती पेटली आहे ते कळेना. “धग दिसत नाही, आवाज नाही, शिटी नाही. कसं समजायचं?” शेजारच्या पेटीत एक माओरी कुटुंब कोंबडी शिजवत होतं. त्यातल्या आजीने बोटांनी खूण केली, एक तास. आईने घड्याळ बघितलं आणि पेटीशेजारी खुर्ची टाकून बसली, देवासमोर तेवत्या समईकडे लक्ष ठेवून बसतात तशी.

पन्नासाव्या मिनिटाला तिने सुरी टोचली. लोण्यात जावी तशी गेली. साल ओढली तर एका तुकड्यात निघून आली. आत पिवळट पांढरा गर, थोडा ओलसर, आपल्या रताळ्यापेक्षा कमी दोरे. वर साजूक तूप, दाण्याचं कूट, मीठ. गंधकाचा किंचित वास होता की मला भास झाला, सांगता येत नाही. आईने दोन रताळी शेजारच्या आजीला नेऊन दिली, कुटासकट. येताना म्हणाली, “गणपतीत इथे असते तर मोदकांना गॅस लागला नसता.”

तिसऱ्या दिवशी तळी. तिकिटापू निळं आणि त्याला लागूनच रोटोकाकाही हिरवं. मधल्या खिंडीत गाडी थांबवून दोन्ही एकदम दिसतात. निळ्यात लोक पोहत होते, बोटी पळत होत्या. हिरवं मात्र शांत. ते तिथल्या लोकांच्या खासगी मालकीचं आणि टापू आहे. त्यात पोहणं नाही, होडी नाही. मागच्या खेपेला मी याच कठड्यावर “एवढं सुंदर तळं आणि उतरायला देत नाहीत” अशी कुरकुर केली होती. आई म्हणाली, “देवराईत लाकूड तोडतात का?” रोटो म्हणजे तळं आणि काकाही म्हणजे गोड्या पाण्यातली शिंपली. हे सांगितल्यावर तिला ते ‘तिसऱ्यांचं तळं’ म्हणून पक्कं लक्षात राहिलं.

पुढे तेवैरोआ, पुरलेलं गाव. १८८० च्या दशकात जगभरचे श्रीमंत लोक इथे यायचे ते रोटोमाहाना तळ्याकाठच्या गुलाबी आणि पांढऱ्या पायऱ्या बघायला. गरम पाण्यातल्या सिलिकाने शतकानुशतकं बांधलेल्या, वरून खाली उतरत गेलेल्या कुंडांच्या पायऱ्या. तेवैरोआत मुक्काम, मग होडीने तारावेरा तळं पार करायचं. सोफिया हिनेरांगी तिथली गाइड. १८८६ च्या ३१ मे रोजी तिच्या होडीतल्या लोकांना तळ्यावर लढाईची एक अनोळखी माओरी होडी दिसली आणि नाहीशी झाली, असं तेव्हाच्या लोकांनी सांगून ठेवलंय. १० जूनला मध्यरात्रीनंतर तारावेरा डोंगर फाटला. सतरा किलोमीटर लांब भेग पडली. सुमारे १२० माणसं मेली, पायऱ्या गेल्या, तेवैरोआ चिखल-राखेत बुडालं. सोफियाचं घर मजबूत होतं. साठहून जास्त लोक त्यात वाचले. तुहोटो आरिकी नावाचा शंभरीचा टोहुंगा, म्हणजे मांत्रिक-पुरोहित, चार दिवसांनी आपल्या घराच्या ढिगाऱ्यातून जिवंत निघाला. गावाने त्यालाच दोष दिला, याने शाप देऊन डोंगर बोलावला म्हणून. पुढे रुग्णालयात त्याचे केस कापले आणि तो गेला, असं सांगतात. टोहुंगाचं डोकं टापू असतं. त्याच्या घराच्या खड्ड्यापाशी आई पदर घेऊन उभी राहिली.

हिनेमिही नावाच्या सभागृहातही लोक वाचले. त्याच्या कोरीव मूर्तींना डोळ्यांच्या जागी शिंपल्यांऐवजी सोन्याची नाणी लावलेली होती, पर्यटकांचा पैसा इतका यायचा. ते अख्खं घर १८९२ मध्ये गव्हर्नर लॉर्ड ऑन्स्लोने पन्नास पौंडांना विकत घेतलं आणि इंग्लंडला आपल्या बागेत नेऊन उभं केलं. वाघनखं साताऱ्याला आली तेव्हा आमच्या घरी त्यावर बरीच चर्चा झाली होती. आईने पन्नास पौंडांचे रुपये विचारले. मी तेव्हाचा भाव सांगू शकले नाही.

वाइमांगूला मी घाबरत घाबरत नेलं. दरी चालत उतरायची, पण उतारच आहे आणि खालून वर यायला बस मिळते. ही सगळी दरी त्या १८८६ च्या भेगेची, म्हणजे बाबांच्या आजोबांच्या वयाची. १९०० ते १९०४ या चार वर्षांत इथला गिझर काळा चिखल आणि दगड चारशे मीटरवर फेकायचा. त्यावरूनच नाव पडलं, वाइमांगू, काळं पाणी. १९०३ मध्ये त्याने चार माणसांचा बळी घेतला. एके दिवशी तो कायमचा थांबला. आता तिथे फ्राइंग पॅन तळं आहे, ३८ हजार चौरस मीटरचं, पन्नासहून जास्त अंश तापलेलं. पृष्ठभागावर वाफेचे पडदे सरकत असतात आणि वारा आला की खालचं पाणी क्षणभर दिसतं.

थोडं पुढे पायऱ्या चढून इन्फर्नो कुंड. आई दोनदा बसली, पण चढली. पाण्याचा रंग दुधात निळं मिसळावं तसा. आम्ही गेलो तेव्हा पातळी बरीच खाली होती. ओल्या कडांवर पांढरा थर दिसत होता. पाटीवर लिहिलं होतं की हे पाणी साधारण ३८ दिवसांच्या चक्राने चढतं, ओसंडतं आणि आठेक मीटर खाली जातं. आणि हे भरलं की पलीकडच्या फ्राइंग पॅनचं वाहणं कमी होतं. “म्हणजे जावा-जावा,” आई म्हणाली. “एक वर गेली की दुसरी खाली.” मग तिने मला पाटी परत वाचायला लावली. किती दिवस? अडतीस. दरवेळी बरोब्बर? नाही, मागेपुढे होतं. ती कठडा धरून खाली बघत राहिली. मी पाण्याची बाटली पुढे केली तर म्हणाली, “आपली गंगा पण मागेपुढे होते.”

खाली रोटोमाहानाच्या काठावर बसची वाट बघत बसलो. त्या प्रसिद्ध पायऱ्या या पाण्याच्या तळाशी आहेत की काठावरच्या राखेखाली, यावर संशोधकांचे अजून वाद आहेत. समोरच्या कड्यांतून वाफ निघत होती. आईने जोडव्यांवरून बोट फिरवलं आणि मग पर्समधून छोटी वही काढून काहीतरी लिहिलं.

काय लिहिलं ते मला एप्रिलच्या अखेरीस कळलं. ती राजापूरला परतल्यावर व्हिडिओ कॉल केला होता. जोडवी चिंचेने घासून लख्ख झाली होती, फक्त आतल्या बाजूला काळी रेघ उरली होती, ती तिने कॅमेऱ्यापुढे पाय आणून दाखवली. पाठीमागे स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कालनिर्णय. त्यावर दुधाच्या खाड्यांशेजारी एका तारखेभोवती लाल गोल होता, पुढच्या पानावर आणखी एक आहे म्हणाली. मी विचारलं कसला? तर बाबा मागून ओरडले, “तिचं तिकडचं कुंड भरायचंय!”

“अडतीस दिवस होतात आज,” आई म्हणाली. “गेली होतीस का बघायला?”

मी म्हटलं, “अगं आई, ते माझ्या घरापासून अडीचशे किलोमीटर आहे.”

“मग सकाळी लवकर निघायचं.”